नोकरी सुटते तेव्हाचे इंग्रजी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



इंग्रजीच्या शिक्षकाला बोलावयास उभे केले, म्हणजे विषय बहुधा ठरलेला असतो : इंग्रजीचे महत्त्व. ते महत्त्व आपणां सर्वांस पटलेले आहे. पटले नसते, तर पदरमोड करून आपण मुलांना शिकवण्या लावल्या नसत्या. म्हणून त्या महत्त्वावर मी वेळ घेणार नाही. इंग्रजीच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी बोलणार आहे. नोकरी सोडताना, नोकरी सुटल्यावर किंवा नोकरीवरून काढून टाकल्यावर जे शब्द कागदावर येतात, त्यांविषयी.

विषय काहीसा अशुभ वाटेल. पण विचार करा. शाळेत आम्ही मुलांना नोकरीचा अर्ज लिहावयास शिकवतो. 'विथ रेफरन्स टु युवर ॲडव्हर्टाइजमेंट' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत सारे पाठ करून घेतो. नोकरीत शिरण्याचे इंग्रजी असे शिकवून होते. नोकरीतून बाहेर पडण्याचे इंग्रजी कोणी शिकवत नाही. अर्जात शब्द चुकला तर फार तर ती एक नोकरी हुकते. बाहेर पडताना शब्द चुकला तर हक्काचे पैसे आणि पुढची नोकरी, दोन्ही हातची जाऊ शकतात. माझे आजचे सांगणे एवढेच आहे : नोकरी कशी संपली हे सांगणारा शब्द हा नुसता शब्द नसतो, तो एक हिशेब असतो. सही करण्यापूर्वी तो समजून घ्या.

आधी आपली मराठी पाहू

'मी नोकरी सोडली', 'माझी नोकरी सुटली' आणि 'मला नोकरीवरून काढले' ही तीन वाक्ये पाहा. पहिल्यात करणारा मी आहे. दुसऱ्यात करणारा कोणीच दिसत नाही. झाड वाऱ्याने पडावे तशी नोकरी आपोआप सुटली. तिसऱ्यात करणारा दुसरा कोणी आहे आणि सोसणारा मी आहे. घरातली अडाणी म्हातारीसुद्धा या तिहींत गल्लत करीत नाही.

इंग्रजीतही हे तीन प्रकार आहेत. 'आय लेफ्ट माय जॉब' म्हणजे मी सोडली. 'आय लॉस्ट माय जॉब' म्हणजे माझी गेली. 'आय वॉज डिसमिस्ड' म्हणजे मला काढले. व्याकरणाच्या तासाला ॲक्टिव्ह व्हॉइस आणि पॅसिव्ह व्हॉइस शिकताना तुम्ही कंटाळता, विद्यार्थी मित्रांनो. पण पोटापाण्याच्या प्रश्नात त्यांचा उपयोग कसा होतो, तो येथे दिसतो. 'आय रिझाइन्ड' बरोबर आहे. 'आय वॉज रिझाइन्ड' असे अनेक जण लिहितात, ते चूक. कारण राजीनामा आपण देतो, आपल्याला कोणी राजीनामा करीत नाही. 'आय ॲम रिझाइन्ड टु इट' याचा अर्थ तर अगदीच निराळा : जे नशिबी आहे ते मी पत्करले आहे. तसेच गमावणे या अर्थाच्या 'लूझ' मध्ये एकच 'ओ' येतो. दोन 'ओ' घातले की त्याचा 'लूस' होतो, म्हणजे सैल. उत्तरपत्रिकांत अनेकांची नोकरी अशी सैल होते.

आता या शब्दांचे मी तीन गट करतो. पहिला गट स्वतःच्या मर्जीचा, दुसरा शिक्षेचा आणि तिसरा आपला दोष नसताना नोकरी जाण्याचा.

पहिला गट : आपली मर्जी

यातला मुख्य शब्द 'रिझाइन'. त्याला आपण राजीनामा म्हणतो. हा शब्द फारसीतून आला आहे. राजी म्हणजे खुशी, कबुली. नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे राजीखुशीने लिहून दिलेला कागद. जमीन-महसुलाच्या जुन्या कागदांत राजीनामा आणि कबुलायत ही जोडी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. जमीन सोडणारा राजीनामा देई, घेणारा कबुलायत. उर्दूत आपण इस्तीफा म्हणतो. त्याचे मूळ अरबीतल्या माफीच्या शब्दात आहे : मला या कामातून माफ करा, मोकळे करा, असे मागणे. दोन्ही शब्दांत मागणारा आपण आहोत आणि मर्जी आपली आहे. हे नीट लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

'क्विट' हाही सोडण्याचाच शब्द, पण बोलण्यातला. अर्जात तो लिहू नये. 'रिटायर' म्हणजे निवृत्त होणे, मूळ अर्थ मागे सरणे. क्रिकेट पाहणाऱ्यांना 'रिटायर्ड हर्ट' ठाऊक आहे. दुखापत झालेला फलंदाज मागे सरतो, बाद ठरत नाही, बरा झाल्यास पुन्हा खेळावयास येऊ शकतो. १० एप्रिल २०२२ रोजी आयपीएलच्या सामन्यात राजस्थानचा रविचंद्रन अश्विन स्वतःहून परत गेला, तेव्हा फलकावर लागले 'रिटायर्ड आऊट'. आयपीएलमधला तो पहिलाच प्रसंग. दोघेही चालत तंबूत गेले. पण एक नाबाद आणि दुसरा बाद. शेवटच्या एका शब्दाने निकाल बदलला. नोकरीच्या कागदावर नेमके हेच घडते.

'नोटिस' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. 'आय गेव्ह नोटिस' म्हणजे मी सोडणार असल्याचे कळवले. 'आय वॉज गिव्हन नोटिस' म्हणजे मला काढणार असल्याचे कळवले. नोटिशीची मुदत संपली की मालक आपणांस 'रिलीव्ह' करतो, म्हणजे कार्यमुक्त करतो, आणि 'रिलीव्हिंग लेटर' देतो. हे पत्र जपून ठेवावे. नव्या ठिकाणी आधी तेच मागतात.

दुसरा गट : शिक्षा

येथे 'डिसमिस' हा शब्द प्रमुख आहे. मूळ अर्थ पाठवून देणे. शाळा सुटते तेव्हाही 'द क्लास इज डिसमिस्ड' म्हणतात आणि फलंदाज बाद होतो तेव्हाही 'डिसमिस्ड'. नोकरीत मात्र याचा अर्थ बडतर्फी असा होतो : गैरवर्तनाचा आरोप, चौकशी आणि मग शिक्षा.

सरकारी नोकरीत बडतर्फीच्या एक पायरी खाली 'रिमूव्ह' हा शब्द आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदात हे दोन शब्द वेगवेगळे घातले आहेत. केंद्र सरकारच्या १९६५ च्या सेवा नियमांप्रमाणे 'रिमूव्ह' झालेला माणूस पुढे सरकारी नोकरीस अपात्र ठरत नाही. 'डिसमिस' झालेला सामान्यतः अपात्र ठरतो. बोलताना आपण दोघांनाही 'काढला' म्हणतो, पण एकासाठी दार उघडे राहते आणि दुसऱ्यासाठी बहुधा बंद होते.

'सस्पेंड' मात्र या रांगेत बसत नाही. निलंबन म्हणजे नोकरी गेली असे नव्हे. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. उर्दूत मुअत्तल म्हणतात तेच हे.

तिसरा गट : दोष नसताना

हा गट सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी माहितीचा. पहिला शब्द 'ले-ऑफ'. गिरणगावात हा शब्द मराठीच होऊन गेला होता. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, मालाचा साठा पडून आहे किंवा यंत्र बिघडले आहे, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचे नाव मस्टरवर राहते. असा ले-ऑफ तात्पुरता असतो. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात एक वर्षाची नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते.

ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घालण्यात आली. ती करताना कायदा लिहिणाऱ्यांनी आपला 'बदली' हा शब्द जसाच्या तसा इंग्रजीत घेतला. दुसऱ्याच्या जागी काम करणारा बदली कामगार या सवलतीतून वगळला, हे सांगण्यासाठी त्यांना दुसरा शब्द सापडला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत पहाटे दारावर उभे राहून 'आज बदली मिळेल का' म्हणून वाट पाहणारे आपल्या कित्येकांचे आजोबा होते. आपला शब्द इंग्रजी कायद्यात गेला खरा, पण गेला तो हक्क नसलेल्यांच्या यादीत.

आता सावध राहण्याची गोष्ट. आजकाल वर्तमानपत्रांत मोठ्या संगणक कंपन्यांत 'ले-ऑफ' झाल्याच्या बातम्या येतात. तो अमेरिकेतला वापर आहे. तेथे या शब्दाचा अर्थ कायमचे कमी करणे असा होऊन बसला आहे. आपल्या कायद्याच्या भाषेत त्याला 'रिट्रेंचमेंट' म्हणतात. 'ट्रेंच' म्हणजे खणलेला चर. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ कापणे. कामगार कपात हा मराठी शब्द त्याला चपखल बसतो. ब्रिटनमध्ये याच गोष्टीला 'रिडंडन्सी' म्हणतात आणि त्याच्या भरपाईचा कायदा तेथे १९६५ साली झाला. 'रिडंडंट' चे मूळ लाटेच्या लॅटिन शब्दात आहे : काठावरून वाहून गेलेले, जास्तीचे. आम्हा शिक्षकांना यासाठी कोश उघडावा लागत नाही. वर्गातली मुले घटली, तुकडी तुटली की संचमान्यतेत शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. तो वाईट शिकवतो म्हणून अतिरिक्त ठरत नाही. पद उरले नाही म्हणून ठरतो.

'टर्मिनेट' हा शब्द आणखी निराळा. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला टर्मिनस माहीत आहे : गाडी येथे संपते. 'टर्मिनेट' एवढेच सांगतो की नोकरी संपली. का संपली ते सांगत नाही. म्हणून पत्रात नुसते 'युवर सर्व्हिसेस आर टर्मिनेटेड' असेल, तर कारण लेखी मागावे.

कोकणातल्या घरांना 'डिस्चार्ज' हा शब्द अधिक ओळखीचा आहे. ज्यांच्या घरात कोणी जहाजावर आहे, त्यांच्या पेटीत सीडीसी असते. तिचे पूर्ण नाव 'कन्टिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट'. त्यात 'साइन ऑन' आणि 'साइन ऑफ' च्या नोंदी असतात. जहाजीच्या दृष्टीने डिस्चार्ज म्हणजे एक फेरी पूर्ण झाली. त्यात कमीपणा काही नाही. जितक्या नोंदी जास्त, तितका अनुभव मोठा. तोच शब्द कारखान्याच्या पत्रात आला तर नोकरी संपली असा अर्थ होतो. शब्द कोणत्या कागदावर आहे, हेही पाहावे लागते ते असे.

एका सहीची किंमत

आता मूळ मुद्द्यावर येतो. पहिला गट आणि तिसरा गट यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. ती भिंत म्हणजे आपली सही.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आला. 'सर, वालिदना उद्या यावर सही करायची आहे. हिशेब मिळणार आहे म्हणतात. काय लिहिले आहे?' कागदावर तीन ओळी होत्या. 'आय हिअरबाय टेंडर माय रेझिग्नेशन ऑन पर्सनल ग्राउंड्स...' मी विचारले, 'वडील नोकरी सोडताहेत का?' तो म्हणाला, 'नाही सर. कारखान्यात काम कमी झालेय. चौघांना कमी करताहेत.'

पाहा, मुलाने मराठीत खरे काय ते अचूक सांगितले होते : 'कमी करताहेत'. म्हणजे रिट्रेंचमेंट. कागद म्हणत होता : मी माझ्या घरगुती कारणासाठी राजीनामा देतो. वडिलांनी सही केली नाही. कपात केल्याचे पत्र द्या, असे लेखी मागितले आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले. नोकरी काही वाचली नाही. पण चार महिन्यांनी नोटिशीचा पगार आणि भरपाई हातात आली. त्यांच्याच पाळीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी आदल्या दिवशी सही करून टाकली होती. त्यांना थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळाली, बाकी काही नाही. यंत्र तेच आणि कारण तेच. फरक काय तो एका शब्दाचा.

फरक किती, ते फळ्यावर मांडल्यासारखे सांगतो. कपात करावयाची तर एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटिस किंवा एक महिन्याचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक झाले असतील तर तेही पूर्ण वर्ष धरतात. समजा पगार १८,००० रुपये आणि नोकरी ८ वर्षे ७ महिने. म्हणजे ९ वर्षे. पंधरा दिवसांचे ९,००० गुणिले ९, म्हणजे ८१,०००. त्यात नोटिशीचे १८,००० मिळवा. एकूण ९९,००० रुपये. 'आय रिझाइन' लिहून दिले की हे ९९,००० रुपये गेले. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षे भरली असतील तर राजीनामा दिला तरी मिळते, आणि प्रॉव्हिडंट फंड आपलाच असतो. कोणी तो अडवून 'आधी सही करा' म्हणत असेल तर भुलू नये.

ही तरतूद १९४७ च्या कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातही एक महिन्याची नोटिस आणि वर्षाला पंधरा दिवस, हे सूत्र कायम आहे. वेतनाविषयीच्या नव्या संहितेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे : काढले असो, कपात असो वा राजीनामा असो, राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावयाचा.

आम्ही शिक्षक या कायद्याने कामगार ठरत नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तसा निकाल दिला. पण महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमात राजीनाम्याची रीत सांगितली आहे : दोन प्रती करावयाच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालावयाची, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावयाची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावयाची. एवढा काटेकोरपणा कशासाठी? कोऱ्या कागदावर किंवा तारखेविना घेतलेली सही राजीनामा म्हणून कोणाला वापरता येऊ नये, यासाठी. जेथे राजी नाही, तेथे राजीनामा नाही.

समुद्रापलीकडे

रत्नागिरी-रायगडपासून भिवंडी-मालेगावपर्यंत आपल्या किती घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते, हे मी सांगावयास नको. म्हणून तिकडचा एक हिशेब ऐका. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा महिना आणि पुढे वर्षाला एक महिना पगार बक्षिसी म्हणून मिळतो. पण कामगाराने राजीनामा दिला असेल, तर दोन वर्षांपर्यंत काही नाही, दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला त्यातला एक तृतीयांश, पाच ते दहाला दोन तृतीयांश, आणि दहा वर्षे झाल्यावरच पूर्ण. पगार ३,००० रियाल आणि नोकरी चार वर्षे असेल, तर कराराची मुदत संपून नोकरी संपल्यास ६,००० रियाल. 'रेझिग्नेशन' लिहिल्यास २,०००. करार पुरा झाला असेल तर कागदावर 'कम्प्लीशन ऑफ कॉन्ट्रॅक्ट' असेच लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीतही पूर्वी राजीनाम्याने रक्कम घटत असे. २ फेब्रुवारी २०२२ पासूनच्या नव्या कायद्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर राजीनामा दिला म्हणून ती कापली जात नाही.

तिकडचे आणखी दोन शब्द. 'एक्झिट री-एन्ट्री' म्हणजे सुटीवर जाऊन परत येणे, आणि 'फायनल एक्झिट' म्हणजे कायमचे निघणे. अरबीत दोन्हींना खुरूजच म्हणतात, पुढचा शब्द बदलतो. सुटीवर निघालेल्याने आपल्या कागदावर कोणता आहे, ते विमानतळावर जाण्यापूर्वी वाचावे. आणि 'ॲबस्कॉन्डिंग', ज्याला तिकडे हुरूब म्हणतात. काही न कळवता काम सोडून गेलेल्यावर हा शिक्का बसतो. तो नुसता शब्द नव्हे, गुन्ह्याची नोंद आहे. मालकाशी कितीही बिनसले तरी लेखी कळवल्याशिवाय कामावरून जाऊ नये, हे आपल्या भावांना आणि मुलांना फोनवर सांगा.

बाजारातले शब्द

काही शब्द सिनेमात आणि गप्पांत ऐकू येतात. 'सॅक' म्हणजे पोते, पिशवी. पूर्वी कारागीर आपली हत्यारे पिशवीत घालून आणीत. पिशवी हातात दिली की काम संपले, अशी त्याची हकिकत सांगतात. 'फायर' हा अमेरिकन शब्द. बंदुकीचा बार काढणे यालाही इंग्रजीत 'डिस्चार्ज' म्हणतात, त्यावरून ही कोटी झाली. 'पिंक स्लिप' म्हणजे काढल्याची चिठ्ठी. 'गोल्डन शेकहँड' असे आपल्याकडे म्हणतात, पण शब्द 'गोल्डन हँडशेक' असा आहे. पैसे देऊन खुशीने निरोप. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा तो घरोघरी पोचला. हे शब्द समजून घ्यावेत, पण अर्जात लिहू नयेत. ज्याचे पद कमी झाले त्याने 'आय वॉज फायर्ड' म्हटले, तर ऐकणाऱ्यास वाटते की याने काही तरी गैर केले असावे.

मुलाखतीत काय सांगावे

आता विद्यार्थ्यांसाठी. उद्या तुम्हांला विचारतील, 'व्हाय डिड यू लीव्ह युवर लास्ट जॉब?' खरे आणि नेमके उत्तर द्या. युनिट बंद पडले असेल तर 'द युनिट क्लोज्ड डाउन'. पद गेले असेल तर 'माय पोस्ट वॉज ॲबॉलिश्ड', किंवा 'आय वॉज रिट्रेंच्ड अलाँग विथ अदर्स'. मुदतीची नोकरी संपली असेल तर 'माय कॉन्ट्रॅक्ट केम टु ॲन एन्ड'. स्वतः सोडली असेल तर 'आय रिझाइन्ड' म्हणा, आणि कारण एका वाक्यात सांगून थांबा. जुन्या मालकाची उणीदुणी काढू नका. सध्या काम नसेल तर 'आय ॲम आउट ऑफ वर्क ॲट प्रेझेंट' म्हणण्यात लाज नाही. राजीनामा लिहिताना चार गोष्टी पुरेत : मी राजीनामा देतो, अमुक पदाचा, अमुक तारखेपासून, मला कार्यमुक्त करावे. शेवटी आभार. 'आय बेग टु रिझाइन' मधले 'बेग' सोडून द्या. भीक मागण्याचे कारण नाही.

पालकांना एक विनंती. नोकरी गेलेला माणूस बहुतेक वेळा मान खाली घालून घरी येतो आणि दोष सारा स्वतःकडे घेतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीत पाऊल ठेवता आले नाही. ते सारे काय आळशी होते? इंग्रजी कायद्याची भाषा रुक्ष खरी, पण तिने एक बरे केले : शिक्षेचा शब्द वेगळा ठेवला आणि कपातीचा वेगळा. कपातीच्या व्याख्येतच म्हटले आहे की, शिक्षा म्हणून काढलेले यात धरावयाचे नाही. म्हणजे ज्याला कपातीचे पत्र मिळाले, त्याच्यावर कोणताही ठपका नाही, असे कायदाच म्हणतो. घरच्यांनीही तसेच म्हणावे, आणि मुलांसमोर म्हणावे.

शेवटी, विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला गृहपाठ देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी इंग्रजी कागद पुढे केला तर 'मला वेळ नाही' म्हणू नका. पूर्ण वाचा. तीन प्रश्न विचारा : यात नोकरी संपण्याचा शब्द कोणता आहे? करणारा कोण आहे, आपण की मालक? तारीख कोणती आहे? कागद आणि घडलेली गोष्ट जुळत नसेल, तर सही थांबवा, कागदाची नक्कल घ्या आणि जाणत्याला विचारा. आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत असतोच. आपल्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन तुम्हांला इंग्रजी शिकवले. त्याची पहिली परतफेड नोकरी लागल्यावरच करावी असे नाही. या कामाने ती आजपासूनच सुरू करता येईल.